बेने इस्रायलांचा मराठी ठेवा

ठाणे, कल्याण, डोंबिवलीहून रोज मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांच्या वाटेवर मस्जिद हे स्थानक लागते. त्याचे नाव जवळच्याच एका यहुदी प्रार्थनामंदिरावरून पडले असे मानले जाते, हे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. सॅम्युअल दिवेकर यांनी 1796 साली स्थापन केलेल्या त्या मंदिरास बेने इस्रायल लोक 'जुनी मशीद' म्हणत आले. कुलाबा जिल्ह्यातील खेड्यांत तेलाचे घाणे चालविणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज. शेजाऱ्यांनी त्यास 'शनिवार तेली' म्हटले आणि गावांवरून त्यांची पेणकर, राजपूरकर, केहिमकर अशी आडनावे पडली. घाणा सुटून लष्कर, सरकारी कचेऱ्या आणि रेल्वे यांतील नोकऱ्या आल्या, तसा हा समाज मुंबईत व पुढे लोहमार्गाच्या आधाराने ठाण्यापर्यंत पसरला. ठाण्याचे 'शआर हाशामाइम' हे प्रार्थनामंदिर 1879 मधील आहे. मुंबईतील जुन्या वस्त्या ओसरत गेल्यावर आज या समाजाचे मोठे केंद्र ठाणे हेच आहे.

1951 च्या जनगणनेत भारतात सुमारे 26 हजार यहुदी होते; आज ते पाच हजारांच्या आसपास आहेत. छळ होऊन कोणी गेले नाही, ही गोष्ट आपणास भूषणावह खरी. परंतु तीच वारंवार सांगून आपण स्वतःची पाठ थोपटून घेतो आणि तेथेच थांबतो. इस्रायलमध्येही त्यांचे सर्व सुरळीत झाले असे नाही. विवाहाच्या बाबतीत त्यांच्या यहुदीपणाविषयीच तेथील धर्मपीठाने शंका घेतली आणि ती वाद व आंदोलन होऊन 1964 मध्ये मिटली.

संख्या घटली की काय होते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास निराळे सांगावयास नको. दिवाबत्ती, दुरुस्ती, दफनभूमीची राखण हा खर्च माणसांच्या प्रमाणात कमी होत नाही. उरलेल्यांच्या डोक्यावरचा भार तेवढा वाढतो. त्यातून सामुदायिक प्रार्थनेस परंपरेने दहा प्रौढ पुरुष लागतात. नववा माणूस हजर आहे म्हणून नऊ-दशांश प्रार्थना होत नाही! महाराष्ट्र शासनाने 2016 साली यहुदींना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला, हे योग्यच झाले. केंद्राच्या सहा समाजांच्या यादीत मात्र ते अद्याप नाहीत. तथापि दर्जा देऊन माणसे वाढत नाहीत. मंदिराचा कारभार समाजच पाहतो व पाहील. त्यात बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये.

बाहेरच्यांचे काम निराळे आहे. पेसाहच्या रात्री वाचावयाच्या हगादाचे मराठी भाषांतर मुंबईत 1846 सालीच छापले गेले. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. बायबलातील कथांवर या समाजाने मराठी कीर्तने रचली, नियतकालिके चालविली आणि इस्रायलला गेल्यावरही 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. मराठी वाङ्मयाच्या आपल्या अभ्यासक्रमांत यांपैकी किती शिरले? ज्या भाषेत हे घडले ती आपलीही भाषा असल्यामुळे, 'त्यांचे त्यांनी सांभाळावे' हे उत्तर येथे चालणार नाही.

घर बदलताना किंवा परदेशी जाताना जुनी पुस्तके, लग्नपत्रिका, हस्तलिखित कीर्तने आधी रद्दीत जातात. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 चे आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 चे. अशा संस्थांनी या साहित्यासाठी एक कपाट राखून ठेवावे. कुटुंबांस कागद द्यावयाचे नसतील तर छायाप्रती घेऊन मूळ कागद परत करावेत. आपल्या महाविद्यालयांच्या मराठी व इतिहास विभागांनी समाजाच्या विश्वस्तांची संमती घेऊन विद्यार्थ्यांकरवी वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित कराव्यात. मलिद्याच्या ताटात पोहे, नारळ आणि फळे कशी मांडतात, एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन कोणते नवस बोलतात, घाण्याच्या कामातील कोणते शब्द घरात टिकले, हे सांगणारी माणसे आज ठाण्यात आहेत. त्यासाठी विद्यापीठाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही; एक ध्वनिमुद्रक आणि दिवाळीची सुटी पुरेशी आहे.