दामदुप्पट, पण किती वर्षांत?

'पैसे दामदुप्पट करून देतो' असे कोणी म्हणाले की आपल्या वस्तीतला कष्टकरी माणूस थांबून ऐकतो. त्यात नवल नाही. फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आयुष्यात एकदाच हाती येतात. मुलांचे शिक्षण, घराचे छप्पर, म्हातारपणाचे औषधपाणी, सारे त्यावरच असते. म्हणून आज आम्ही व्याजाचे दोन-चार शब्द समजावून देत आहोत. भागाकार येत असेल तर हा हिशोब कोणालाही जमेल.

आपण ठेवतो ती रक्कम म्हणजे मुद्दल. दरवर्षी फक्त मुद्दलावर मिळते ते सरळ व्याज. व्याज न काढता मुद्दलात मिळवले आणि पुढे त्या व्याजावरही व्याज मिळाले, तर ते चक्रवाढ व्याज. १०,००० रुपये ८ टक्क्यांनी ९ वर्षे ठेवले, तर सरळ व्याजाने १७,२०० होतात, चक्रवाढीने १९,९९०. म्हणजे जवळजवळ दुप्पट.

आता एक सोपी खूण लक्षात ठेवा. ७२ ला व्याजाच्या दराने भागा. जो आकडा येईल, तितक्या वर्षांत पैसे साधारण दुप्पट होतात. ८ टक्क्यांना ९ वर्षे. पोस्टाचे किसान विकास पत्र १९८८ साली निघाले तेव्हा साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट होई. पुढे व्याजाचे दर उतरले. एप्रिल २०२३ मध्ये त्याचा दर ७.५ टक्के आणि मुदत ११५ महिने झाली. ७२ ला साडेसाताने भागून पाहा, हिशोब जुळतो.

आता हीच खूण उलटी लावा. कोणी ३ वर्षांत दामदुप्पट देतो म्हणाला, तर तो निदान २४ टक्के व्याज कबूल करीत आहे. घरासाठी कर्ज देताना बँकही एवढे व्याज घेत नाही. मग हा देणार कोठून? बहुधा नव्या माणसाचे पैसे घेऊन जुन्याला व्याज देतो. नवी माणसे यायची थांबली की कचेरीला कुलूप. एजंट पुष्कळदा आपल्याच नात्यातला असतो. पैसेही जातात आणि सोयरिकही तुटते.

कर्जालाही हाच नियम लागू आहे. सावकाराचे शेकडा ५ रुपये महिना ऐकायला थोडे वाटतात, पण ते वर्षाचे ६० टक्के होतात. व्याज थकत गेले आणि त्यावर व्याज चढले, तर सव्वा वर्षाच्या आत कर्ज दुप्पट होते. अशा वेळी हाती आलेल्या पैशातून आधी हे कर्ज फेडावे. त्याहून चांगली गुंतवणूक नाही.

शेवटी सुरक्षिततेविषयी. बँक बुडाली तर, ४ फेब्रुवारी २०२० पासून, एका बँकेतील एका ठेवीदाराच्या मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवींना विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थेतील ठेवींना मात्र हे संरक्षण नाही. पाटीवरचा शब्द नीट वाचा.

भगिनींनो, बंधूंनो, कोणी योजनेचा कागद घेऊन दारी आला तर त्याला चहा जरूर पाजा. पण सही करण्यापूर्वी ७२ चा भागाकार त्याच्यासमोरच करा.