अफवेचे उत्तरदायित्व

धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी १ जुलै २०१८ रोजी आठवडी बाजार भरला होता. भिक्षेसाठी तेथे आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ‘मुले पळविणारी टोळी’ ठरवून जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि मरेपर्यंत मारले. नाथांचे नाव घेत गावोगाव हिंडणाऱ्या ज्या समाजाच्या झोळीत पसाभर धान्य घालणे हा एकेकाळी आपल्या घराघराचा नित्यधर्म होता, त्याच समाजाची ही माणसे. पुढे दोन वर्षांच्या आत, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे जुना आखाड्याचे दोन साधू व त्यांचा वाहनचालक यांचाही असाच बळी गेला. टाळेबंदीच्या दिवसांत अंत्यसंस्कारासाठी सुरतकडे निघालेल्या या तिघांना पोलिसांच्या डोळ्यांदेखत ठार मारण्यात आले. दोन्ही ठिकाणी मारेकऱ्यांच्या हाती काठ्या आणि दगड होते. परंतु त्या काठ्या उचलल्या जाण्याआधी त्या परिसरात चोरांच्या आणि मुले पळविणाऱ्यांच्या अफवा हिंडत होत्या.

काठी उचलणाऱ्या हातांसाठी कायद्यात कलमे आहेत. गडचिंचले प्रकरणात शंभरावर लोकांना अटक झाली, कर्तव्यात कसूर करणाऱ्या पोलिसांवर बडतर्फीचीही कारवाई झाली. मात्र अफवा ज्यांच्या बोटांवरून पुढे सरकली, त्यांचे काय? त्यांना आपण कोणाचे काही वाईट केले, असे वाटतही नाही. ‘सावधगिरी म्हणून पाठवले’ एवढे त्यांचे समर्थन असते आणि त्यांचे मन त्यावर शांत झोपी जाते.

२०१८ मध्ये देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरील मूल उचलून नेतात, असे दृश्य तीत होते. मुळात ती चित्रफीत कराची येथे बालसुरक्षेच्या प्रबोधनासाठी तयार करण्यात आली होती. मूळ फितीत तेच दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवटचा भाग कापला आणि प्रबोधनाचे विष झाले. कापणारा एकच असेल. पण पुढे पाठविणारे लक्षावधी होते आणि त्यांत सुशिक्षित, सज्जन, कुटुंबवत्सल माणसांचा भरणा होता.

छापील शब्दाच्या जगात असे सहज घडत नसे. १८६७ च्या कायद्याने वृत्तपत्रावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव छापणे बंधनकारक केले. परकीय सत्तेचा त्यामागील हेतू आपल्यावर पाळत ठेवण्याचा होता, हे खरे. परंतु नाव लावून लिहावे आणि लिहिल्याचे परिणाम भोगावेत, ही परंपरा मराठी पत्रकारितेने स्वतःच्या तेजाने घडविली. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ ही पत्रे सुरू होऊन वर्षही लोटले नव्हते, तोच कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाविषयी हाती आलेल्या काही पत्रांच्या आधारे त्यांनी तेथील दिवाणांवर कठोर टीका केली. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला आणि ती पत्रे बनावट ठरली. आगरकर व टिळक यांनी क्षमा मागितली. तरीही १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांच्या हेतूच्या शुद्धतेविषयी त्या काळीही शंका नव्हती. पण खोट्या कागदावर विश्वास ठेवल्याची किंमत त्यांनी स्वतःच्या देहाने चुकविली आणि म्हणूनच पुढे त्यांच्या शब्दाला वजन आले.

आज प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. मुद्रकाचे नाव मात्र कोठेच नाही. कायद्याने ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ६६अ हे कलम इतके मोघम होते की, २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते रद्द करावे लागले. २०२१ च्या नियमांत संदेशाचा मूळ निर्माता शोधून देण्याचे बंधन घातले गेले, तेव्हा व्हॉट्सॲपने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने निर्वाळा दिला की, समान हेतू सिद्ध झाल्याखेरीज सदस्याच्या मजकुरासाठी समूहप्रमुखाला दोषी धरता येणार नाही. कंपनीने २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठविण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशासाठी ती एकावर आणली. हे सारे उपाय नदीवरील बांधासारखे आहेत. पाण्याचा वेग त्यांनी कमी होईल. पाणी गढूळ करणारा हात त्यांनी थांबणार नाही.

राजकारणाने तर या गढूळपणाचे शास्त्र बनविले आहे. समाजमाध्यमांवर फौजा उभारण्यात कोणताही पक्ष मागे नाही. खोटे उघडकीस आले की ‘तो कार्यकर्त्याचा वैयक्तिक उत्साह’ असे सांगून नेते हात झटकतात. गडचिंचलेच्या घटनेनंतर शोक आवरण्याआधीच तिला धार्मिक संघर्षाचा रंग देणारे संदेश फिरू लागले आणि अटकेतील १०१ जणांची यादी राज्याच्या गृहमंत्र्यांना जाहीर करावी लागली. अफवेने मारलेल्या साधूंच्या चितेवर पुन्हा अफवेचीच लाकडे रचली गेली. साधूंसाठी न्याय मागणाऱ्यांची बाजू त्यामुळे दुबळीच झाली, हे आपण स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. सत्याची बाजू घेणाऱ्याला असत्याचे हत्यार परवडत नाही.

राईनपाड्याच्या घटनेच्याच दिवशी रात्री मालेगावात दुसऱ्या एका जमावाने लहान मुलासह हिंडणाऱ्या एका कुटुंबाला घेरले होते. तेथील एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात घेतले आणि पोलीस येईपर्यंत दार लावून धरले. पाच जीव वाचले. अफवा तीच, क्रोध तोच. फरक पडला तो एका माणसाने स्वतःच्या विवेकाने निर्णय घेतल्यामुळे.

समाजाला आज अशा माणसांची निकड आहे आणि ती घडविण्याचे काम घरापासूनच सुरू होते. कोणताही उद्विग्न करणारा संदेश आला तर तीन प्रश्न विचारावेत : हे कोणी पाहिले, कोठे पाहिले, केव्हा पाहिले? उत्तर नसेल तर तो संदेश आपल्यापाशीच विझू द्यावा. चुकीचे काही पाठविले गेले असल्यास ज्या समूहात पाठविले, त्याच समूहात दुरुस्ती द्यावी. गुपचूप पुसून टाकणे पुरेसे नाही. घरातील काका-मामांनी पाठविलेला मजकूर खोटा आहे हे तरुणांना ठाऊक असते. पण वडीलधाऱ्यांचा मान राखायचा म्हणून ते गप्प बसतात. तरुणांनी ते विनयाने सांगावे आणि वडीलधाऱ्यांनी ते मोकळ्या मनाने स्वीकारावे. कार्यकर्त्यावरील जबाबदारी तर अधिकच मोठी, कारण त्याच्या शब्दाला लोक संघटनेचा शब्द मानतात.

सत्ताधाऱ्यांना जाब विचारण्याचा अधिकार लोकशाहीने प्रत्येक नागरिकाला दिला आहे. तो अधिकार वापरणाऱ्याने स्वतःच्या शब्दाचाही जाब देण्यास सिद्ध असावे. ज्या मजकुराखाली स्वतःचे नाव आणि गाव लिहिण्याची आपली तयारी नाही, तो पुढे पाठविण्याचा नैतिक अधिकारही आपल्याला नाही.