पहिली सुई कोणी टोचायची?



ऊस, रिकव्हरी आणि दर यांवर आपण नेहमीच बोलतो. आज विषय जिवाचा आहे.

मागल्या हंगामात आमच्या फडात तोड चालू होती. बांधावरच्या आंब्याचं आग्या मोहोळ उठलं आणि टोळीतल्या चार-पाच जणांना माश्या डसल्या. बाकीचे नुसते आगीनं कळवळले; पण एका गड्याच्या अंगावर दहा मिनिटांत गांधी उठल्या, जीभ सुजली, दम लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली. ट्रॅक्टरवर घालून उपकेंद्रात नेला. सिस्टरबाई होत्या, इंजेक्शनही कपाटात होतं. पण त्या म्हणाल्या, "दादा, लस दिल्यावर रिअ‍ॅक्शन आली तरच मला हे देता येतं. माशी डसल्यावर द्यायचा हुकूम नाही." तसाच पुढं तालुक्याला पळवला. तिथं डॉक्टरांनी आधी तेच इंजेक्शन दिलं. गडी वाचला, पण नशिबानं. दरसाल नशीब साथ देईलच असं नाही.

त्या औषधाचं नाव अ‍ॅड्रिनॅलिन. अशा रिअ‍ॅक्शनमध्ये रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब कोसळतो आणि श्वासाची वाट सुजून बंद होते. अ‍ॅड्रिनॅलिन या दोन्ही गोष्टी उलट फिरवते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूस, स्नायूत; उतार न पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा. आपल्याकडे मात्र अविल दिलं की काम झालं असं समजतात. अविलनं खाज थांबते, कोंडलेला श्वास मोकळा होत नाही.

आता मुद्दा अधिकाराचा. लसीकरणानंतर अशी रिअ‍ॅक्शन आली तर ए.एन.एम. भगिनींनी अ‍ॅड्रिनॅलिनचा एक डोस देऊन रुग्ण पुढं पाठवावा, अशी मुभा केंद्राच्या आरोग्य खात्यानं दिलेली आहे. मग लसीनं आलेली रिअ‍ॅक्शन आणि माशीनं आलेली रिअ‍ॅक्शन यांत फरक तो काय? रोग तोच, औषध तेच, देणारा हातही तोच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यानं १९९९ साली कायदा करून अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या कर्मचाऱ्यांना हे औषध देण्याची वाट मोकळी केली. तिथं जे जमलं ते इथं का जमू नये?

काही जाणकार म्हणतील, अर्धवट माहितीच्या हाती सुई देणं धोक्याचं. शंका रास्त आहे. हेच औषध चुकून शिरेत दिलं किंवा मात्रा चुकली तर हृदयावर बेतू शकतं. म्हणून वाटेल त्यानं टोचावं असं मी म्हणत नाही. शिकवलेल्या माणसानं, लेखी सूचनेप्रमाणं, ठरलेली मात्रा, फक्त मांडीत द्यावी आणि रुग्णाला दवाखान्यात पाठवावंच. एवढी शिस्त पाळली तर धोका थोडा. न देण्यात मात्र जीव जातो.

यासाठी वार्षिक सभेपुढं दोन सूचना ठेवतो. एक, उपकेंद्रातल्या भगिनींना आणि १०८ च्या सर्व कर्मचाऱ्यांना कोणत्याही कारणानं आलेल्या अशा रिअ‍ॅक्शनवर पहिला डोस देण्याचा स्पष्ट अधिकार मिळावा, असा ठराव करून शासनाकडं पाठवावा. दोन, तोपर्यंत कारखान्यानं हंगामात आपल्या दवाखान्यात हे औषध आणि ते देणारा डॉक्टर रात्रंदिवस ठेवावा. औषध महाग नाही. एका खेपेच्या डिझेलपेक्षा खर्च कमीच येईल.

आणि आपण सभासदांनी काय करायचं? तोडीआधी बांधावरची झाडं पाहून मुकादमाला मोहोळ दाखवावं. कुणाला डसलंच तर काटा ताबडतोब खरवडून काढावा, गड्याला आडवा निजवून पाय उंच ठेवावेत, चालवत नेऊ नये आणि लगेच १०८ लावावा. दम फारच लागला असेल तर टेकून बसू द्यावं.

कोयता घेऊन आपल्या फडात येणारा माणूस घरदार सोडून येतो. तो धडधाकट परत जावा, ही जबाबदारी आपली आहे. सभेत याचा विचार व्हावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद