सुईने कोणते दुखणे थांबते आणि कोणते नाही? अॅक्युपंक्चरकडे जाण्याआधी वाचा

मोहल्ल्यातल्या भिंतींवर कोचिंग क्लासच्या जाहिरातींशेजारी हल्ली आणखी एक पोस्टर दिसते. 'विना औषध, विना ऑपरेशन' असे मोठ्या अक्षरांत आणि त्याखाली आजारांची लांबलचक यादी: गुडघेदुखी, कंबरदुखी, मायग्रेन, शुगर, बीपी, थायरॉईड, पीसीओडी, संतती नसणे. कुठे त्याला अॅक्युपंक्चर म्हटलेले असते, कुठे 'अॅक्युपंक्चर व हिजामा शिबिर'. असे पोस्टर व्हॉट्सअॅपवर आले की पालक आम्हा शिक्षकांना विचारतात, "सर, हे खरं असतं का हो? अम्मीला घेऊन जाऊ का?"

प्रश्न रास्त आहे. 'सगळे थोतांड' हे त्याचे उत्तर नाही आणि 'सगळे बरे होते' हेही नाही. पोस्टरवरची ती यादी एकसंध नाही, एवढे आधी समजून घेऊ. तिच्यातल्या काही दुखण्यांवर सुईचा उपयोग होतो, असे मोठ्या चाचण्यांत दिसले आहे. काहींवर काहीच फरक पडत नाही. आणि काहींमध्ये सुईच्या भरवशावर गोळ्या बंद केल्या तर माणूस जिवाला मुकू शकतो.

लोक जातात, कारण दुखणे खरे आहे

मालेगाव, भिवंडीत पॉवरलूमवर दिवसदिवस उभे राहणारे कामगार, घरी शिलाई किंवा जरीकाम करताना मान मोडून बसणाऱ्या बायका, फळ्यापुढे उभे राहणारे आम्ही शिक्षक, या सगळ्यांना पन्नाशीच्या आतच कंबर आणि गुडघे आठवण करून देऊ लागतात. मशिदींमध्ये मागच्या बाजूला खुर्च्यांची रांग वाढत चालली आहे, ती काही उगाच नाही. कायद्यात बसणे आणि सजद्यातून उठणे अनेकांना जमेनासे झाले आहे.

अशा माणसापुढे पर्याय किती असतात? सरकारी रुग्णालयात लांब रांग, खासगी डॉक्टरची फी, आणि सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे मेडिकलमधून पेनकिलर. ती वर्षानुवर्षे खाल्ली तर पोटात अल्सर होतो, किडनीवर ताण येतो. मग बिनगोळीचा इलाज कोणी सांगितला, तर माणूस तिकडे वळणारच.

कायद्याने मान्यता आहे, पण कशाला?

पुष्कळांना माहीत नसते की महाराष्ट्रात अॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये असा कायदा केला. आपल्या राज्याचा अॅक्युपंक्चर चिकित्सा पद्धतीचा कायदा २०१५ चा आहे. त्याखाली राज्याची अॅक्युपंक्चर परिषद आहे आणि तिच्याकडे व्यावसायिकांची नोंदणी होते. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २००३ मध्ये ही उपचाराची एक रीत म्हणून मान्य केली होती, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये तिला स्वतंत्र चिकित्सा पद्धती म्हणून मान्यता दिली.

म्हणजे सुई लावणारा प्रत्येक जण भोंदू नाही. पण मान्यता पद्धतीला आहे, पोस्टरवरच्या प्रत्येक दाव्याला नाही. 'सरकारमान्य' हा शब्द वाचून 'म्हणजे शुगर बरी होणार' असा अर्थ काढणे चूक आहे. उलट, १९५४ पासून आपल्याकडे औषधे आणि चमत्कारी उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध कायदा आहे. ज्या रोगांच्या नावाने इलाजाची जाहिरात करायला त्यात मनाई आहे, त्या यादीत मधुमेह, रक्तदाब आणि स्त्रीचे वंध्यत्व हे तिन्ही आहेत. भिंतीवरच्या पोस्टरवर नेमकी तीच नावे दिसली, तर वाचणाऱ्याने तिथेच सावध व्हावे.

या पद्धतीचे मूळ चीनचे. भारतात ती कोणी आणली म्हटले की अनेक जण सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव घेतात. १९३८ मध्ये चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकात ते होते आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यावरून व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. पण कोटणीस तिथे सर्जन म्हणून लढले. अॅक्युपंक्चर भारतात आणण्याचे श्रेय त्याच पथकातले त्यांचे साथी, कोलकात्याचे डॉ. विजयकुमार बसू यांना जाते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले आणि ही विद्या शिकून आले.

सुई कुठे चालते

जुन्या चिनी समजुतीनुसार शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक वाटांनी वाहते. वाट अडली की दुखणे येते, सुईने ती मोकळी होते. या वाटा शरीरशास्त्रात सापडलेल्या नाहीत. सुईने नसा चेतवल्या जातात आणि मेंदू-मज्जारज्जूत वेदना कमी करणारी द्रव्ये सुटतात, असे आजचे संशोधक मानतात. म्हणजे मुख्य उपयोग वेदनेवरच.

मायग्रेन घ्या. २०१६ मध्ये २२ चाचण्या एकत्र करून एक मोठा आढावा निघाला. अॅक्युपंक्चर घेतलेल्या १०० पैकी ४१ जणांची डोकेदुखी निम्म्यावर किंवा त्याहून खाली आली. न घेतलेल्यांत हे प्रमाण १०० पैकी १७ होते. वारंवार डोके धरून बसणाऱ्या माणसासाठी हा फरक लहान नाही.

कंबरदुखीवर जर्मनीत १,१६२ रुग्णांची चाचणी झाली आणि २००७ मध्ये तिचा निकाल आला. अॅक्युपंक्चर घेतलेल्यांत ४७.६ टक्के लोकांना चांगला आराम पडला, नेहमीचे औषध व व्यायाम घेणाऱ्यांत २७.४ टक्क्यांना. पण तिसरा गट होता त्यांना सुया लावल्या त्या मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर. त्यांच्यातही ४४.२ टक्क्यांना आराम पडला!

याचा अर्थ काय? सुई नेमक्या बिंदूवर लागली की नाही, याने फार फरक पडला नाही. अर्धा-पाऊण तास शांत पडून राहणे, कोणीतरी आस्थेने दुखणे ऐकून घेणे, बरे वाटेल ही उमेद, आणि कातडीला टोचल्याचा थोडा परिणाम, हे सगळे मिळून आराम मिळतो. आराम खोटा नाही. फक्त 'आमचाच गुप्त पॉइंट' म्हणून जास्त पैसे मागणाऱ्याला हे आकडे दाखवावेत.

देशोदेशी यावर एकमत नाही, हेही सांगायला हवे. जर्मनीत २००७ पासून जुनाट कंबरदुखी आणि गुडघ्याच्या झिजेवर सरकारी विमा अॅक्युपंक्चरचे पैसे देतो. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात २०२० पासून जुनाट कंबरदुखीसाठी वर्षाला जास्तीत जास्त २० बैठका मिळतात. ब्रिटनची आरोग्य मार्गदर्शक संस्था मात्र डोकेदुखीसाठी हो म्हणते आणि गुडघ्याच्या झिजेसाठी देऊ नका म्हणते. त्यामुळे गुडघ्यासाठी जाणाऱ्याने आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन कमी करणे याला वेळ द्यावा. त्यात फी लागत नाही.

ऑपरेशननंतरची मळमळही यात येते. मनगटाच्या आतल्या बाजूला, रेषेपासून तीन बोटे वर, दोन शिरांच्या मध्ये एक बिंदू आहे. त्यावर सुई लावून किंवा नुसते अंगठ्याने दाबूनही मळमळ कमी होते, असे अनेक चाचण्यांत आढळले आहे.

सुई कुठे चालत नाही

आता पोस्टरवरच्या यादीचा उरलेला भाग. लग्नाला दोन-तीन वर्षे झाली आणि पाळणा हलला नाही की सुनेवर काय काय प्रयोग होतात, हे आपल्या घरांना सांगायला नको. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयव्हीएफ घेणाऱ्या ८४८ स्त्रियांची चाचणी झाली, २०१८ मध्ये निकाल आला. खऱ्या अॅक्युपंक्चरच्या गटात १८.३ टक्के स्त्रियांना मूल झाले, खोट्या सुयांच्या गटात १७.८ टक्के. फरक नाहीच म्हणा. पीसीओडी असलेल्या १,००० स्त्रियांवर खुद्द चीनमध्ये चाचणी झाली, २०१७ मध्ये तिचा निकाल आला. त्यातही सुयांनी मूल होण्याचे प्रमाण वाढले नाही. वय सरत असताना या मार्गावर वर्ष घालवणे त्या मुलीला महाग पडते. आणि नवऱ्याची तपासणी आधी करा, हे कोणत्या पोस्टरवर लिहिलेले नसते.

शुगर, बीपी आणि थायरॉईड हे तर रोजच्या गोळीचे आजार. सुईने इन्शुलिनची जागा भरून निघत नाही. "दहा बैठका झाल्या, आता गोळी बंद करा," असे कोणी सांगितले तर ते घर लगेच सोडावे. इन्शुलिनवर असलेल्या माणसाने ते बंद केले तर काही दिवसांतच तो बेशुद्ध होऊन आयसीयूत पोहोचू शकतो. बीपीची गोळी सोडल्याचा पत्ता तर कधी कधी थेट लकव्यानेच लागतो.

हिजामा वेगळा, अॅक्युपंक्चर वेगळे

आपल्याकडे दोन्ही एका छताखाली चालतात, म्हणून घोटाळा होतो. अॅक्युपंक्चरची सुई केसासारखी बारीक आणि भरीव असते, तिने रक्त काढायचे नसते. हिजाम्यात कप लावून, कातडीला बारीक चिरे देऊन रक्त काढतात. हिजाम्याचा उल्लेख हदीसमध्ये आहे आणि सुन्नत म्हणून तो करणाऱ्यांच्या भावनेचा आम्हाला आदर आहे. पण त्याच हदीसच्या ग्रंथांत इलाजाचे ज्ञान नसताना इलाज करणाऱ्यावर नुकसानीची जबाबदारी टाकलेली आहे, हेही आपण लक्षात ठेवू. युनानी शिक्षणात हिजामा शिकवला जातो, म्हणून नोंदणी असलेले बीयूएमएस डॉक्टर शोधावेत. आठ दिवसांचा कोर्स करून बसलेल्याकडे जाऊ नये. आणि राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असताना, हिमोग्लोबिन न तपासता कोणाचेही रक्त काढू देऊ नये.

जायचे असेल तर

दुखण्याचे निदान आधी डॉक्टरकडून करून घ्या. कंबरदुखीबरोबर ताप, वजन घटणे, पाय बधिर होणे, लघवीवरचा ताबा जाणे यांपैकी काही असेल तर सुईकडे नव्हे, सरळ रुग्णालयात जा.

नोंदणी क्रमांक विचारा. विचारायला लाजू नका, प्रामाणिक माणूस तो स्वतःच भिंतीवर लावतो.

सुई तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाली पाहिजे आणि वापरून झाली की पांढऱ्या, आरपार टोचणार नाही अशा डब्यात गेली पाहिजे. एकाची सुई दुसऱ्याला म्हणजे हिपॅटायटिस बी आणि सीला आमंत्रण. शिबिरात शंभर लोकांची रांग असेल तेव्हा हे दुप्पट डोळे उघडे ठेवून पाहा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गर्भ असेल, पेसमेकर बसवला असेल, शुगरमुळे पाय बधिर असतील, तर आधी सांगा. पेसमेकर असलेल्याने विजेचा प्रवाह सोडलेली सुई घेऊ नये. बधिर पायावरची छोटी जखमही चिघळते. छातीवर आणि खांद्यावर खोल सुई अडाणी हाताने लागली तर फुप्फुसाला भोक पडल्याचे प्रकार घडले आहेत.

उपाशीपोटी सुई लावली तर चक्कर येऊ शकते. म्हणून रमजानमध्ये इफ्तारनंतरची वेळ घ्या. सुईने रोजा तुटतो का, हा मसला आपल्या आलिमांना विचारा.

बायकांसाठी बाई असावी, नसेल तर घरची बाई सोबत बसावी. बरेच बिंदू हाताच्या कोपराखाली आणि पायाच्या गुडघ्याखाली असतात, त्यामुळे पडदा राखून उपचार होऊ शकतात. नकोसे वाटले तर 'नको' म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

पैसे एकरकमी भरू नका. सहा-आठ बैठकांत काहीच फरक नसेल तर थांबा.

शिफा देणारा अल्लाह आहे, हा आपला ईमान. पण इलाज निवडताना अक्कल वापरणे ही जबाबदारी आपल्यावर सोपवलेली आहे. अम्मीच्या डोकेदुखीसाठी नोंदणी असलेल्या माणसाकडे जरूर जा. अब्बांच्या शुगरच्या गोळ्या मात्र डब्यातच राहू द्या, आणि रोज वेळेवर द्या.