मेलनी कोर्टाची पायरी चढली

‘गॉन विथ द विंड’ तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. त्यातली स्कार्लेट सगळ्यांच्या लक्षात राहते. खिडकीचे हिरवे पडदे काढून त्यांचा झगा शिवून घेणारी! पण तिची ती नणंद, मेलनी? शांत, सोशिक, कुणाबद्दल वावगा शब्द न काढणारी. अशी सून आपल्याला मिळावी असं कुठल्याही सासूला वाटेल. ते काम करणारी नटी ऑलिव्हिया डी हॅविलँड. आज तिच्याविषयी लिहिते आहे ती तिच्या रूपासाठी नव्हे. या सोशिक चेहऱ्याच्या बाईनं हॉलिवूडच्या एका बड्या स्टुडिओला कोर्टात खेचलं आणि खटला जिंकला, म्हणून!

तिचा जन्म १ जुलै १९१६ चा, टोकियोमधला. आईवडील इंग्रज. ती अगदी लहान असताना आई दोघी मुलींना घेऊन कॅलिफोर्नियात राहिली आणि वडील जपानला परत गेले. पुढे आईनं दुसरं लग्न केलं. सावत्र वडील भारी कडक. शाळेच्या नाटकात काम मिळालं तेव्हा त्यांनी सांगितलं, नाटक हवं की घर ते ठरव. पोरीनं घर सोडलं आणि ओळखीच्या कुटुंबात राहून नाटक केलं. म्हणजे ‘गरीब गाय’ वगैरे ती कधीच नव्हती, बरं का.

अठराव्या वर्षी शेक्सपिअरच्या ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’मध्ये तिला हर्मियाचं काम मिळालं आणि त्यातून वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला. १९३५ च्या ‘कॅप्टन ब्लड’पासून एरॉल फ्लिनबरोबर तिची जोडी जमली. दोघांचे मिळून आठ चित्रपट. तो तलवार फिरवणार, ही सज्जातून काळजीनं बघणार. पैसा मिळत होता, नाव होत होतं. पण तिला काहीतरी करून दाखवण्याजोगं काम हवं होतं आणि ते स्टुडिओ देईना.

त्या काळची तिथली पद्धत ऐकाल तर थक्क व्हाल. नटनट्या स्टुडिओच्या बांधलेल्या असत. कोणती भूमिका करायची ते मालक ठरवणार. आपण शेजारणीला वाटीभर साखर उसनी देतो ना, तशी एका स्टुडिओनं नटी दुसऱ्याला उसनी द्यायची! मेलनीचं काम तिला असंच उसनवारीनं मिळालं. मालक जॅक वॉर्नर तर सोडायला तयारच नव्हते. तेव्हा हिनं काय करावं? त्यांच्या पत्नीला चहाला बोलावलं आणि गाऱ्हाणं घातलं. बाईंनी घरी नवऱ्याचं मन वळवलं. (हा मार्ग आपल्याकडच्या बायकांना कुणी शिकवायला नको!) त्या भूमिकेसाठी ऑलिव्हियाला ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस मात्र त्याच चित्रपटातल्या हॅटी मॅकडॅनिएलला गेलं. ऑस्कर मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत.

परत येऊन बघते तो वॉर्नरकडे पुन्हा तेच सज्जातलं काम. तिनं भूमिका नाकारायला सुरुवात केली. नाकारली की बिनपगारी बसायचं. आणि खरी मेख पुढेच होती. जितके दिवस बसवलं, तितके दिवस कराराच्या शेवटी जोडले जायचे. समजा तुम्ही शाळेत शिकवता आणि वर्षभरात दोन महिने बिनपगारी रजा झाली. मुख्याध्यापक म्हणाले, ‘बाई, तुमचं वर्ष चौदा महिन्यांचं!’ तर कसं वाटेल? सन १९३६ मध्ये केलेला तिचा सात वर्षांचा करार १९४३ मध्ये संपला. स्टुडिओ म्हणाला, नाही, सुमारे सहा महिने बाकी आहेत.

आपल्याकडे म्हणतात, शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये. तिलाही तेच सांगणारे कमी नसणार. तिच्याच स्टुडिओतली बेटी डेव्हिस १९३६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टात हरली होती. पण मार्टिन गँग नावाच्या वकिलांनी तिला कॅलिफोर्नियाच्या कामगार कायद्यातलं एक कलम दाखवलं. माणसाला नोकरीच्या करारानं सात वर्षांपलीकडे बांधून ठेवता येत नाही, असं ते कलम. स्टुडिओवाले त्याचा अर्थ लावत, प्रत्यक्ष कामाची सात वर्षं. वकील म्हणाले, सात वर्षं म्हणजे कॅलेंडरावरची सात वर्षं.

साक्षीच्या वेळी समोरच्या वकिलांनी तिला लाडावलेली, हट्टी नटी ठरवण्याची पुष्कळ खटपट केली. ‘तुम्ही काम धुडकावलंत ना?’ त्यावर तिचं उत्तर, धुडकावलं नाही, नम्रपणे नको म्हटलं. ही आठवण तिनं म्हातारपणी स्वतःच सांगितली आहे. मला वाटतं, मेलनी तिथे उपयोगी पडली!

१९४४ मध्ये ती जिंकली. स्टुडिओनं अपील केलं, त्या डिसेंबरात तिथेही जिंकली. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं पुढची सुनावणीच नाकारली. पण या काळात वॉर्नरनी इतर स्टुडिओंना कळवून टाकलं होतं, हिला काम देऊ नका. जवळजवळ दोन वर्षं ती कॅमेऱ्यासमोर उभी राहिली नाही. हातातलं काम गेलेलं, वय तिशीकडे झुकलेलं, आणि नटीच्या तिशीला तिथे काय किंमत ते सांगायला नको. त्या दिवसांत ती लष्करी रुग्णालयांतून जखमी सैनिकांना भेटत हिंडली, अलास्कापर्यंत. पॅसिफिकच्या दौऱ्यात फिजीत न्यूमोनियानं अंथरूणही धरलं.

पुढे काय झालं ते पाहा. ‘टू ईच हिज ओन’ (१९४६) या चित्रपटासाठी ऑस्कर. ‘द स्नेक पिट’मध्ये मनोरुग्णालयातली स्त्री. ‘द एअरेस’ (१९४९) साठी दुसरं ऑस्कर. हे सगळं तिनं स्वतः पसंत केलेलं काम. मासिकांनी मात्र तिचं आणि धाकट्या बहिणीचं, जोन फाँटेनचं, भांडणच जास्त चघळलं. बायका भांडल्या की छापायला सोपं असतं!

संसार मात्र जमले नाहीत. दोन लग्नं, दोन घटस्फोट. मुलगा १९९१ मध्ये, ती हयात असतानाच गेला. पण दुसरे पती, पॅरिसचे पिएर गालांत, शेवटच्या आजारात पडले तेव्हा घटस्फोट होऊन बरीच वर्षं लोटली होती, तरी त्यांची शुश्रूषा हिनंच केली.

एकशे एकाव्या वर्षी तिनं आणखी एक खटला भरला, एका दूरदर्शन मालिकेत आपलं चित्र खोटं रंगवलं म्हणून. तो मात्र हरली. २६ जुलै २०२० रोजी पॅरिसमध्ये ती वारली, १०४ वर्षांची होऊन. कॅलिफोर्नियातल्या वकिलांच्या तोंडी त्या सात वर्षांच्या नियमाला नाव आहे, ‘डी हॅविलँड कायदा’. गाणारी मंडळीसुद्धा कंपन्यांशी भांडताना तोच पुढे करतात.