देणगी कोणाची, मैदान कोणाचे?

आमच्या समाजात वर्गणी जमत नाही असे जो म्हणतो, तो एकतर आमच्या वस्तीत कधी आलेला नाही, नाहीतर खोटे बोलतो आहे. जयंतीची वर्गणी जमते, विहाराच्या बांधकामाची जमते, नागपूरला दीक्षाभूमीवर जाणाऱ्या गाडीची जमते. रोजंदारीवर जाणारी माय पदराच्या गाठीतली नोट सोडून देते आणि पावतीही मागत नाही. प्रश्न जमण्याचा नाही. प्रश्न असा आहे की त्याच वस्तीतली मुलगी विद्यापीठाच्या संघात निवडली जाते, तिला स्पाइक्स हवे असतात, खुराक हवा असतो, आंतरविद्यापीठ स्पर्धेला जायचे रेल्वेभाडे हवे असते, तेव्हा आमचे पावतीपुस्तक कुठे असते?

ते नसते, कारण खेळ हा आमच्या लेखी हौसेचा विषय आहे. आम्ही मानतो की तो सत्तेचा विषय आहे. विद्यापीठाच्या मैदानावर वर्षानुवर्षे पैसा कोण देतो, यावरून त्या मैदानावर कोण धावणार आणि निर्णय कोण घेणार हे ठरते. हे समजून घ्यायचे तर अमेरिकेकडे बघावे लागेल. कौतुकासाठी नव्हे. तिथे विद्यापीठातला खेळ दरवर्षीच्या देणग्यांवर उभा आहे, आणि त्या व्यवस्थेची दोन्ही तोंडे तिथल्या कृष्णवर्णीयांनी पाहिली आहेत. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपले नाते सांगितले. १९७२ मध्ये दलित पँथरने आपले नावच तिकडून घेतले. तिथल्या अनुभवातून शिकणे ही आमची जुनी परंपरा आहे.

आधी श्रीमंतांचे तोंड पाहू. अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांत फुटबॉलच्या सामन्याची चांगली जागा केवळ तिकिटाच्या पैशांत मिळत नाही. आधी क्रीडा निधीला वार्षिक देणगी द्यायची, तेव्हा तिकीट विकत घेण्याचा हक्क मिळतो. जितकी देणगी मोठी, जितकी वर्षे सलग, तितके अग्रक्रमाचे गुण जास्त आणि खुर्ची मैदानाच्या तितकी जवळ. कित्येक वर्षे या ‘देणगी’च्या ८० टक्के रकमेवर आयकरात सूटही मिळत होती. २०१७ च्या करकायद्याने ती काढून टाकली. म्हणजे खुर्ची श्रीमंताची आणि तिचा भार सरकारी तिजोरीवर, असा हा दानधर्म होता.

या पैशाचे काय होते? २०२३ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने आपल्या फुटबॉल प्रशिक्षकाला मुदतीआधी काढले. करारानुसार त्याला साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम देणे लागत होते. हा भार क्रीडा विभागाच्या आणि देणगीदारांच्या पैशांवर आला. काम न करण्यासाठी एका माणसाला एवढी रक्कम! आणि ज्यांच्या घामावर हा डोलारा उभा आहे, ज्यांत कृष्णवर्णीय मुले मोठ्या संख्येने आहेत, त्या खेळाडूंना ‘हौशी’ म्हणून दशकानुदशके पगार नाकारला गेला. खेळाडू कोर्टात लढले. तेव्हा कुठे २०२५ मध्ये सुमारे २८० कोटी डॉलरच्या भरपाईचा समझोता मंजूर झाला आणि विद्यापीठांना खेळाडूंना थेट वाटा देण्याची मुभा मिळाली. 

आता दुसरे तोंड. गोऱ्यांच्या विद्यापीठांत प्रवेश नव्हता म्हणून कृष्णवर्णीयांची वेगळी महाविद्यालये उभी राहिली. १८९० च्या कायद्याने अनेक राज्यांना अशी महाविद्यालये मान्य करावी लागली, पण पैसा देताना हात आखडताच राहिला. हा इतिहास जुना झाला असे कोणी म्हणू नये. २०२३ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने १६ राज्यांच्या राज्यपालांना पत्रे लिहून सांगितले की गेल्या तीन दशकांत तुम्ही या महाविद्यालयांचे मिळून १२०० कोटी डॉलरहून अधिक अडवून ठेवले आहेत. एकट्या टेनेसी स्टेट विद्यापीठाचा वाटा सुमारे २१० कोटी डॉलर!

याच टेनेसी स्टेटच्या मैदानावर एड टेंपल नावाचे प्रशिक्षक १९५० पासून चार दशकांहून अधिक काळ मुलींना धावायला शिकवत होते. धड ट्रॅक नव्हता. पुरती क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. मुली कॉलेजात काम करून शिकत. स्पर्धेला टेंपल स्वतः गाडी हाकत नेत. वाटेतल्या हॉटेलात जेवण मिळत नसे, संडास वापरू देत नसत, म्हणून डबे बरोबर घ्यावे लागत. हे वाचताना आमच्यापैकी कोणाला आपल्या आजोबांच्या आठवणी आल्या नाहीत तर नवल. या मुलींनी काय केले? १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये विल्मा रुडॉल्फने तीन सुवर्णपदके जिंकली. लहानपणी पोलिओमुळे तिच्या पायाला आधाराची पट्टी होती. रिलेत सोने जिंकणाऱ्या चारही मुली याच एका कॉलेजच्या होत्या. वायोमिया टायस हिने १९६४ आणि १९६८ अशी लागोपाठ दोनदा १०० मीटरची शर्यत जिंकली. तोवर जगात कोणालाही हे जमले नव्हते. टेंपल यांच्या हाताखालून ४० ऑलिंपिक खेळाडू गेले आणि जवळपास सर्वांनी पदवी पूर्ण केली. ‘आधी शिक्षण, खेळ नंतर’ असे म्हणणाऱ्या आमच्या ज्येष्ठांनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे.

पण आम्ही इथेच थांबलो तर ती गरिबीची पूजा होईल. उपाशीपोटी पदक जिंकले, अनवाणी धावली, या कथा प्रस्थापितांना फार आवडतात, कारण त्यांत त्यांचा एक रुपयाही खर्च होत नाही. ज्या महाविद्यालयांना कोणी देणगीदार नाही, त्यांचे काय होते तेही पाहा. ती मोठ्या विद्यापीठांकडून ठरावीक रक्कम घेऊन त्यांच्या मैदानावर हरायला जातात. २०१२ मध्ये सवाना स्टेट हे छोटे कृष्णवर्णीय महाविद्यालय लागोपाठ दोन आठवडे असे खेळले. एका सामन्यात ८४-० हरले, दुसऱ्यात ५५-०. दोन्हींचे मिळून सुमारे ८ लाख ६० हजार डॉलर मिळाले. मार खाण्याची मजुरी! त्याच पैशांवर बाकीच्या खेळांचा वर्षभराचा खर्च निघतो, म्हणून नाही म्हणता येत नाही. ज्याचे स्वतःचे बळ नाही, त्याला दुसऱ्याच्या अटीवर मैदानात उतरावे लागते.

ग्रॅम्बलिंग स्टेटची गोष्ट तर आमच्या चळवळीला आरसा दाखवणारी आहे. कृष्णवर्णीय फुटबॉलचे हे मानाचे नाव. तिथलाच माजी विद्यार्थी डग विल्यम्स १९८८ मध्ये सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला आणि पुढे तिथेच प्रशिक्षक झाला. राज्य सरकारने निधी कापत आणला होता. व्यायामशाळेची फरशी खराब झाली, म्हणून विल्यम्सने बाहेरून देणग्या उभ्या करून नवी फरशी आणवली. पण देणगी ठरलेल्या मार्गाने आली नाही म्हणून प्रशासनाने ती बसवलीच नाही. माल तसाच पडून राहिला. २०१३ च्या हंगामात विल्यम्सला काढले. बुरशी लागलेल्या खोल्या आणि बसचे लांबलचक प्रवास यांना विटलेल्या मुलांनी ऑक्टोबरमध्ये जॅक्सन स्टेटविरुद्धच्या सामन्याला जायलाच नकार दिला. पैसा होता, तळमळ होती, माणूस मोठा होता. नव्हती ती यंत्रणा. आमच्या किती चांगल्या कामांचे असेच झाले आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याने छातीवर हात ठेवून सांगावे.

आणि हे सारे परदेशातले म्हणून बाजूला ठेवता येणार नाही. १९११ मध्ये पहिला अखिल भारतीय क्रिकेट संघ इंग्लंडला गेला. पळवणकर बाळू यांनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. कर्णधार कोण होते? पतियाळाचे तरुण महाराज. थैली ज्याची, टोपी त्याची. इकडे हिंदू संघाला सामने जिंकून देणाऱ्या बाळूंना चहाही वेगळ्या भांड्यात मिळे आणि कर्णधारपद कधीच मिळाले नाही. बाळू कमी पडले नव्हते. त्यांच्यामागे पैसा देणारा आणि हिशोब मागणारा समाज तेव्हा उभा नव्हता.

आज तो समाज आहे. आरक्षणातून शिकलेले शिक्षक, अभियंते, बँक कर्मचारी, अधिकारी, परदेशात नोकरी करणारे तरुण आहेत. बाबासाहेबांनी नागपूरला धम्मदीक्षेच्या वेळी उत्पन्नाचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी देण्यास सांगितले होते. आम्ही विसावा हिस्साही मागत नाही. एका महाविद्यालयाच्या एक हजार माजी विद्यार्थ्यांनी वर्षाला ५०० रुपये दिले, तर ५ लाख रुपये होतात. दिवसाला दीड रुपयाहूनही कमी. पण ते दरवर्षी आले पाहिजेत. खेळाडू एका वर्षात घडत नाही. एकदा सत्कार, शाल आणि पाच हजारांचे पाकीट दिले की आपण मोकळे होतो. ती मुलगी मात्र पुढच्या जूनमध्ये पुन्हा रिकाम्या हाताने उभी असते.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. निधी नोंदणीकृत विश्वस्त संस्थेमार्फत गोळा व्हावा, त्याचे दरवर्षी लेखापरीक्षण व्हावे आणि हिशोब महाविद्यालयाच्या फलकावर लागावा. महाविद्यालयाशी आधी लेखी करार व्हावा, म्हणजे आमची फरशी गोदामात पडणार नाही. देणाऱ्याला संघनिवडीत बोट घालण्याचा अधिकार नसावा आणि व्यासपीठावर खुर्चीही नसावी. ५०० देणारा आणि ५० हजार देणारा यांची नावे एकाच यादीत, एकाच आकारात असावीत. समितीत खेळाडूंचे प्रतिनिधी असावेत. निम्मा निधी मुलींसाठी राखून ठेवावा. पैसा एका चमकत्या ताऱ्यावर न उधळता प्रवास, खुराक, बूट, दुखापतीचा उपचार आणि राहण्याची सोय यांवर खर्च व्हावा.

काही मित्र विचारतील, की तुम्ही वर्गणी काढाल तर सरकार हात झटकून मोकळे होणार नाही का? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो टाळत नाही. टेनेसी स्टेटचे २१० कोटी डॉलर कोणत्याही वर्गणीतून भरून निघणार नाहीत. ते राज्याचे देणे आहे आणि राज्यानेच फेडले पाहिजे. आमच्याकडेही प्रत्येक विद्यार्थ्याकडून क्रीडा शुल्क घेतले जाते. ते किती जमले, कुठे खर्च झाले, किती मागासवर्गीय खेळाडूंपर्यंत पोचले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून ग्रामीण आणि ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याची तरतूद २०१३ च्या कंपनी कायद्यात आहे. तो निधी कोणत्या मैदानांवर जातो, तेही विचारा. एका हातात पावतीपुस्तक आणि दुसऱ्या हातात अर्ज, असे दोन्ही लागेल. स्वतः काही न देणाऱ्याचा आवाज दबका असतो. दरवर्षी हजार माणसे हिशोबासकट देत असतील, तर त्यांच्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.

जयंती आम्ही साजरी करणारच. तो आमच्या स्वाभिमानाचा दिवस आहे. यंदा एवढेच करा: जयंतीच्या पावतीपुस्तकाशेजारी आपल्या महाविद्यालयाच्या क्रीडा निधीचे दुसरे पुस्तक ठेवा, आणि पहिली पावती स्वतःच्या नावाची फाडा. बाळूंच्या वेळी थैली आमची नव्हती, म्हणून टोपीही आमची नव्हती. यापुढे ‘पैसा नव्हता’ ही सबब आम्हाला चालणार नाही.

जयभीम!