बजेट चार लाख, गाडी साडेतीनची

सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "कुठली घेऊ?" आणि दुसरा, "केवढ्यात बसेल?" माझ्या मते हे दोन्ही नंतरचे प्रश्न. आधी हे विचारावं की ती बंद पडली तर आपलं नक्की काय अडणार आहे? रविवारचं सिंहगडावरचं पिठलं-भाकरी हुकणार असेल तर हवी ती घ्या, हौस करा, कोण नको म्हणतंय?

आमच्या ताईकडे तसं नाही. (नातेवाईक मंडळींना ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगते.) ताई आणि भावजी वाईला असतात. दिवाळीपासून भावजींचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून तीनदा, साताऱ्याला. पाळी सकाळी सातची, म्हणजे घरातून पावणेसहाला निघायचं. जाताना एखादे वेळी एसटीने जातीलही, पण चार तास मशीनवर काढून उठलेल्या माणसाला स्टँडवर ताटकळत कसं उभं करणार? म्हणून सध्या भाड्याची गाडी सांगतात. महिन्याला बारा-तेरा खेपा, खेपेला दीड हजार. हिशेब तुम्हीच करा. मागच्या महिन्यात भाच्याचा फोन आला, "मावशी, चार लाख जमतायत. कुठली घेऊ?"

मला विचारायचं कारण म्हणजे मी बँकेत नऊ वर्षं वाहनकर्जाच्या टेबलावर होते. इंजिनातलं मला फारसं कळत नाही. पण हौसेने गाडी नेलेले लोक दोन वर्षांनी कसले चेहरे घेऊन परत येतात, ते मी पुष्कळ पाहिलंय.

तर माझं मत असं, की चार लाख असतील तर गाडी साडेतीनचीच बघायची. वरचे पन्नास हजार हे गाडीचेच पैसे आहेत, फक्त ते विकणाऱ्याला द्यायचे नाहीत. चार टायर, बॅटरी, क्लचप्लेट, सगळी ऑइलं, विमा, नाव बदलायचा खर्च. यातलं काही ना काही पहिल्या वर्षात निघतंच. माणूस गाडी विकायला काढतो ती बऱ्याचदा पुढचा मोठा खर्च दिसायला लागल्यावर. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही, आपणही तेच करतो.

हे घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर लिहिलं आणि झालं! आमच्या एका आतेभावाने लगेच फोटो टाकला. २०१४ ची डिझेल सेदान, नवी असताना बारा-तेरा लाखांची, आता चार लाखांत. "एवढ्यात राजेशाही गाडी मिळतेय तर डबडं कशाला?" खरंय, दिसायला देखणी होती. पण गाडीची किंमत उतरते, तिच्या पार्टची उतरत नाही. तिचा इंजेक्टर, टर्बो, एसीचा कॉम्प्रेसर हे सगळं आजही बारा लाखांच्या गाडीच्याच भावात येणार. शिवाय २०२९ ला तिची पंधरा वर्षं भरणार, मग फिटनेस, पुन्हा नोंदणी, पर्यावरण कर. चार लाखांत ती घेणाऱ्याने ती चालवायची ऐपतही बारा लाखांची ठेवायला हवी, आणि ती असती तर भाच्याने मला फोन कशाला केला असता?

दुसरा सल्ला "थोडे घाल आणि नवीच घे." हा मला जास्त विचार करण्यासारखा वाटला. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि सगळ्यात लहान गाड्या स्वस्त झाल्या. पण शोरूमची किंमत म्हणजे दारात गाडी नव्हे. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर, तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा आलाच, आणि मग "थोडे" म्हणजे कर्ज. ज्या घरात महिन्याला औषधांचं बिल किती येईल सांगता येत नाही, त्या घरात नवा हप्ता सुरू करावा असं मला तरी वाटत नाही. आणि सगळ्यात स्वस्त गाडीत खाली वाकून बसावं लागतं, ते भावजींच्या गुडघ्यांना झेपणार नाही. म्हणून उंच सीटची वॅगनआर किंवा तशीच एखादी. गावोगावचा मिस्त्री ती डोळे मिटून खोलतो, पार्ट साताऱ्यात त्याच दिवशी मिळतो. मला विश्वासाची गाडी म्हणजे एवढंच अपेक्षित आहे.

सालाबद्दल मात्र मी हट्टी आहे. शक्यतो जुलै २०१९ नंतरची. त्या वर्षी एप्रिलपासून एबीएस आणि जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली. त्याआधीच्या बेसिक मॉडेलांत हे बहुधा नसायचं. पहाटेच्या अंधारात हायवेवर आठवड्यातून तीनदा जायचं असेल तर वीस हजार इथे वाढवावेत, अलॉय व्हील नि टच स्क्रीनला नाही.

आता बघण्याबद्दल. "डॉक्टरांनी वापरलेली, सिंगल हँड" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की महाराष्ट्रातले समस्त डॉक्टर दर वर्षी गाडी विकतात की काय असं वाटायला लागलंय :-) किलोमीटर मीटरवर वाचू नयेत. ब्रेकच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय आणि मीटर तीस हजार सांगतोय, तर पेडलवर विश्वास ठेवावा. टायरच्या कडेला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधली नोंद मालकाकडून मागून घ्यावी. द्यायला कां कूं केलं तर चहा पिऊन निघावं.

आपल्या भागात आणखी एक बघायला हवं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. त्या पाण्यात गेलेल्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नसणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, पुसणारा माणूस तिथवर जात नाही. स्टेपनीखालचा खड्डा बघा, कार्पेट उचलून वास घ्या. बुडालेली गाडी चालते, पण तिच्या वायरिंगमध्ये कधी काय होईल ते तो पाण्याचा देवच जाणे.

कागदांवर मी जरा रेंगाळणार, कारण ते माझं टेबल. आरसीवर बँकेचा बोजा आहे का हे आधी बघा. "कर्ज कधीच फिटलं हो" म्हणणारे फार भेटतात. कर्ज फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा राहिलेला असतो. त्याला बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. त्यात २०१९ आणि २०२० मध्ये कितीतरी सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या, त्यामुळे आरसीवर आज नसलेल्या बँकेचं नाव असतं आणि मालकाला कुठल्या शाखेत जायचं तेच कळत नाही. हे काम विकणाऱ्याकडून करून घेतल्याशिवाय इसारापलीकडे एक रुपया देऊ नये. माझ्यासमोर एक गृहस्थ बसले होते, भाजीचा धंदा, पूर्ण पैसे मोजून एजंटकडून गाडी घेतलेली. आधीच्या मालकाने हप्ते थकवले होते आणि वसुलीवाले गाडी घेऊन गेले. कागद आमच्या बाजूने होते, मी त्यांना काहीही देऊ शकले नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त गाडीत राहिलेली बायकोची छत्री मिळेल का असं विचारलं.

फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होऊन नाव लगेच बदलायला हवं. विमासुद्धा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा, नाहीतर गाडी ठोकल्यावर आपल्या नुकसानीचा क्लेम अडतो. त्याचा नो क्लेम बोनस त्याचा, तो गाडीबरोबर येत नाही. आणि विकणाऱ्यांनीही "करतील ते सावकाश" म्हणू नये. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की अपघाताच्या भरपाईला नोंदीतला मालक जबाबदार, गाडी मग प्रत्यक्षात कितीही हात फिरलेली असो.

असो. भाच्याने वाईतच एका निवृत्त सरांची वॅगनआर पाहिलीय, २०१९ च्या दिवाळीतली, पेट्रोल, बावन्न हजार रनिंग, बोजा नाही. सर पावणेचार म्हणतायत, हा साडेतीनवर अडलाय. सरांनी आपणहून सांगितलं की २०२२ मध्ये पुढून ठोकली होती, आणि बिल काढून दाखवलं. बंपर, एक हेडलाइट, रेडिएटर. भाचा म्हणतो, ठोकलेली नको. मी म्हणते, न विचारता बिल दाखवणारा मालक मिळतोय तर पंधरा हजार वर देऊन टाक, फक्त पुढची चासी मिस्त्रीच्या डोळ्यांखालून जाऊ दे. मिस्त्री रविवारी येतोय, हजार रुपये घेणार आहे.

त्याआधी गाडी एकदा पहाटे साडेपाचला, गार असताना स्टार्ट करून बघायचीय, कारण तिला ते रोज करायचंय. सरांना विचारायला भाचा संकोचत होता. सर म्हणाले, "या की, मी चारला उठतो."